जमिनीवरचा चौक

शाळेकडून मिळालेला नारिंगी टी-शर्ट यशश्रीने खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाली, "आई, आम्हांला सॉरी म्हणायचंय."

"कुणाला?"

"इंडिजिनस पीपलना. पोएम करायची नाहीतर आर्ट. ग्रेड आहे त्याला."

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या तिच्या शाळेत कॅनडाचा अभ्यासक्रम आहे. त्या देशात मूळ रहिवाशांची मुलं घरांतून उचलून निवासी शाळांत ठेवली गेली, त्यांचे केस कापले, त्यांची भाषा बंद केली. पुष्कळ मुलं परत आलीच नाहीत. त्यांची आठवण म्हणून सप्टेंबरच्या अखेरीला नारिंगी कपडे घालतात. यंदा कला शिकवणाऱ्या मिस क्लेअरनी त्यात भर घातली होती. प्रत्येकाने आपापल्या देशातल्या मूळ लोकांविषयी चित्र किंवा कविता करायची, आणि त्यातून समेटाचा हात पुढे करायचा.

"मी कोणाला सॉरी म्हणू?" यशश्रीने विचारलं. ती चौदा वर्षांची आहे. ती कधी चेष्टा करते आणि कधी नाही, हे हल्ली मला कळत नाही.

आम्ही वारली आहोत. माझं माहेर विक्रमगडच्या वरच्या अंगाला, एका पाड्यावर. चंद्रहास, माझा नवरा, तलासरीकडचा. तो सोहारच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे आणि आठवडाभर तिथेच राहतो. गुरुवारी संध्याकाळी अल मवालेहच्या घरी येतो. मी पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आम्ही कोण हे मस्कतमधल्या मराठी लोकांपासून लपवलं होतं असं म्हणता येणार नाही. कुणी थेट विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. 'वरठा' आडनाव ऐकून लोक म्हणतात, "म्हणजे कुठले?" आम्ही म्हणतो, "डहाणूकडचे." मग ते चिकूंविषयी बोलतात.

निवासी शाळेचं म्हणाल, तर मीही एका निवासी शाळेतच शिकले. आश्रमशाळा म्हणतात तिला आमच्याकडे. माझेही केस कापले होते, उवांमुळे. पहिलीच्या बाई मला उभं करून आमच्या बोलीत बोलायला लावायच्या, म्हणजे वर्गाला हसायला मिळायचं. त्याच शाळेत मी लिटमसचा कागद पहिल्यांदा पाहिला आणि त्या दिवशी जेवायला जायचं विसरले. या दोन गोष्टी एका वाक्यात बसवायला मला अजून जमलेलं नाही. मिस क्लेअरच्या फलकावर तर त्यासाठी जागाच नव्हती. तिथे एका बाजूला 'सत्य' लिहिलं होतं, दुसऱ्या बाजूला 'समेट', आणि मधे मुलांच्या हाताचे नारिंगी ठसे.

त्या शुक्रवारी दुपारी आम्ही रेखाताईंकडे चहाला गेलो होतो. रेखाताई मूळच्या पुण्याच्या. मराठी मंडळींचा कुठलाही कार्यक्रम असो, रांगोळीपासून आभारप्रदर्शनापर्यंत त्यांच्यावाचून काही हलत नाही. त्यांची देविका यशश्रीच्याच वर्गात आहे. यशश्रीला दुसरी जवळची मैत्रीण नाही, हे इथेच सांगून ठेवते.

रेखाताईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बघ तरी माझ्या लेकीने काय केलंय. वारली!"

गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांचा मोठा चौकोन होता, आमच्याकडे लग्नात असतो तो चौक. कडेने नक्षीच्या ओळी, वर चंद्र आणि सूर्य, बाहेर फेर धरलेली माणसं, आणि मधोमध पालघट देवी. देविकाने नेटवर बघून काढलं होतं, पण मन लावून काढलं होतं. कडांच्या ओळींचा क्रमसुद्धा बरोबर होता.

"आता हे विनाईलवर मोठं प्रिंट करायचं आणि स्टेजच्या मधोमध खाली चिकटवायचं," रेखाताई म्हणाल्या. "आपल्याकडे कार्याला रांगोळी असतेच ना, तसं. मुलं त्यावर उभी राहून कविता म्हणणार. मिस क्लेअर तर वेडीच झाली आयडिया ऐकून."

मी कप बशीत ठेवला. काय बोलावं ते ठरवत होते, आणि मला ठरवायला वेळ लागतो.

"ते खाली नसतं," यशश्री म्हणाली.

"काय गं?"

"काकू, ते फ्लोअरवर नाही काढत. वॉलवर असतं, घरात. लग्न असलं तरच. आणि वर कापड टाकतात, कारण आत देवी असते."

"अगंबाई! कुठल्या व्हिडिओत बघितलंस?"

"मामाच्या लग्नात. मी हात लावला तर आजीने मला मारलं." तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे बघत होते. मग ती म्हणाली, "आम्ही वारली आहोत."

सोफ्यावर सलील, देविकाचे बाबा, आणि चंद्रहास शेजारी शेजारी बसले होते. गेल्या दिवाळीच्या फराळाला याच सोफ्यावर सलीलने कोट्यातून पास झालेल्या डॉक्टरचा विनोद सांगितला होता, आणि सगळ्यांबरोबर चंद्रहासही हसला होता. आता दोघेही गालिच्याकडे बघत होते.

रेखाताई उठल्या आणि त्यांनी मला मिठी मारली. "अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? आम्ही काय तसले आहोत का? आणि खरं सांगू, बघून वाटतसुद्धा नाही!" मग त्यांनी गाव विचारलं. मी सांगितलं. "विक्रमगड? सलील, ऐकलंस का? आपला प्लॉट तिथेच ना! ओढ्याला लागून आहे गं नूतन, पलीकडे नुसता डोंगर. काय जागा आहे! एकदा पावसाळ्यात बघच तू."

"बघितली आहे," मी म्हणाले.

"निघू या आपण," चंद्रहास म्हणाला. "ट्रॅफिक लागेल."

शुक्रवारी दुपारी मस्कतमध्ये ट्रॅफिक नसतो. दारात सलील हळूच म्हणाला, "चंद्रहास, ते दिवाळीचं तू मनावर नाही ना घेतलंस? जोक होता यार."

"कुठला?" चंद्रहास म्हणाला, आणि खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला.

रविवारी मिस क्लेअरनी मला बोलावून घेतलं. रेखाताईंनी त्यांना रातोरात कळवलं होतं. क्लेअर तरुण आहे, प्रामाणिक आहे. बोलताना तिचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. आमच्यात असं कुटुंब आहे हा शाळेचा सन्मान आहे, असं ती म्हणाली. मग तिने योजना सांगितली. देविका सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीने माफीनामा वाचेल. यशश्री चौकाच्या मधोमध उभी राहील, आपली कविता म्हणेल आणि माफी स्वीकारेल. पारंपरिक पोशाख असेल तर फारच छान.

मी सांगितलं की चौक जमिनीवर नको, भिंतीवर लावा. का नको तेही सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं आणि दोनदा आभार मानले. त्या संध्याकाळी रेखाताईंचा फोन आला.

"अगं, प्रिंट झालंसुद्धा! आणि मागच्या भिंतीवर ते हाताच्या ठशांचं झाड आहे ना, ते कसं काढणार? छोट्या मुलांचं आहे. तू काळजी करू नकोस, मी वरून ट्रान्सपरंट लॅमिनेशन करून घेतलंय. म्हणजे पाय देवीला लागणारच नाही, प्लास्टिकला लागेल."

"रेखाताई, तुमच्या देवघरातल्या तसबिरीला लॅमिनेशन केलं तर..."

"छे गं, ते वेगळं. ही आर्ट आहे ना! आणि तुमच्या लोकांसाठीच चाललंय हे सगळं."

यशश्रीने कविता इंग्रजीत लिहिली. तिला मराठी अडखळत येतं आणि वारली अजिबात येत नाही. मी कवितेचं मराठी करते आहे ते असं (चौक आमच्याकडे 'लिहितात'):

*माझी आजी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहायची.*
*लग्न झालं की भिंत पुन्हा सारवायची.*
*तिचं नाव कुठेच राहिलं नाही.*
*तुम्ही तिचं लिहिणं फोनमध्ये ठेवलंत, पिशवीवर छापलंत, पायाखाली घातलंत.*
*आता तुम्ही म्हणता, सॉरी.*
*कशाबद्दल, ते आधी सांगा.*

मिस क्लेअरला कविता फार आवडली. तिला फक्त शेवटची ओळ बदलून हवी होती. सांगतेला आशा असावी, पाहुणे येणार आहेत. तिने एक ओळ सुचवलीही होती: 'आणि मी तुमचा हात हातात घेते.'

यशश्री स्वयंपाकघरात आली. मी भाजी निवडत होते.

"आई, तू नाही म्हण ना."

"कशाला?"

"सगळ्याला. स्टेजवर जाण्याला, लाइन चेंज करण्याला. मी नाही म्हटलं तर ते रूड होतं. तू मोठी आहेस, तू म्हटलं तर ते डिसिजन होतं." ती थांबली. "तू कधीच नाही म्हणत नाहीस. रेखाकाकूंना पण नाही, कोणालाच नाही."

"बघू," मी म्हणाले.

ती निघून गेली. त्यानंतर कार्यक्रमापर्यंत तिने मला काही विचारलं नाही.

चंद्रहासला फोन केला तर तो म्हणाला, "म्हणू दे गं ती ओळ. एका संध्याकाळचा प्रश्न आहे. इथे कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर आत्तापासून जागा रिकामी राहायला लागलीय. सलीलचा मेहुणा आमच्याच प्लांटवर आहे, माहीत आहे ना? आता शाळेशी भांडण नको. यल्ला, चल, हसून टाकायचं."

"तू किती हसणार?"

"पगार येईपर्यंत," तो म्हणाला. मग आम्ही दोघं खरंच हसलो, आणि मी फोन ठेवला.

पारंपरिक पोशाख आमच्याकडे नव्हता. माझ्या आईची फडकी होती, डोक्यावरून खांद्यावर घ्यायचं लाल सुती कापड, धुऊन धुऊन कडेला विटलेलं. कार्यक्रमाच्या दिवशी यशश्रीने ती मागून घेतली आणि नारिंगी टी-शर्टवर टाकली. रंगाला रंग जुळत नव्हता. मी ते सांगितलं नाही.

सभागृह भरलं होतं. चौक स्टेजच्या मधोमध चिकटवलेला होता आणि लॅमिनेशनवर दिव्यांचा प्रकाश चकाकत होता. कार्यक्रम सुरू होण्याआधीच त्यावरून माइकवाला गेला, खुर्च्या लावणारे गेले, मुख्याध्यापिका उंच टाचांचे बूट घालून गेल्या. चंद्रहास सोहारहून आला नव्हता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. रेखाताईंनी पुढून मागे वळून मला अंगठा दाखवला.

देविकाने माफीनामा वाचला. आवाज चांगला होता तिचा, आणि ती घाबरली होती. जंगलांबद्दल, नद्यांबद्दल, हरवलेल्या गाण्यांबद्दल आम्हांला वाईट वाटतं, असं त्यात होतं. ते कुणी केलं, कधी केलं, कुठे केलं, याबद्दल काही नव्हतं. एकही क्रियापद असं नव्हतं की ज्याला कर्ता विचारता येईल.

मग यशश्रीने कविता म्हटली. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. मिस क्लेअर विंगेत होती, तिचे ओठ सुचवलेली ओळ म्हणत होते. यशश्री म्हणाली, "कशाबद्दल, ते आधी सांगा."

देविकाने ठरल्याप्रमाणे हात पुढे केला. यशश्रीने तो घेतला नाही. पण झटकलाही नाही. "एक मिनिट," असं ती देविकाला म्हणाली, ते माइकमधून सगळ्यांना ऐकू आलं. ती चौकावरून बाजूला झाली, खांद्यावरची फडकी काढली, दोन्ही हातांनी पसरली आणि देवीवर टाकली. चारही कोपरे सरळ केले. माझी आई करायची तसे.

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. लोक फोन वर धरून चित्रीकरण करत होते. कुणीतरी शिट्टी मारली. मुख्याध्यापिकांनी छातीवर हात ठेवला. रेखाताई मागे वळून डोळे पुसत म्हणाल्या, "काय सुचलं गं पोरीला! आधी सांगितलं असतं तर म्युझिक लावलं असतं."

यशश्री टाळ्यांकडे बघत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी ओळखते, कारण ते मी आरशात पाहिलेलं आहे. पहिलीच्या वर्गात मला बोलायला उभं करायचे तेव्हा मलाही आधी वाटलं होतं की माझं बोलणं त्यांना आवडतं आहे.

तिला खाली आणलं गेलं आणि लगेच बालवाडीचं समूहगान सुरू झालं. छोट्यांना त्यांची जागा दाखवून ठेवलेली होती. ती मधोमधच होती. नारिंगी शर्टातली मुलं ओळीने आली आणि फडकीवर उभी राहिली. एकाच्या बुटाखाली कापड मुडपलं, त्याने ते पायाने बाजूला सारलं. गाणं सुरू झालं.

मी उठले. स्टेजच्या पायऱ्या चढताना मला कुणी अडवलं नाही, कारण माझ्यासारख्या बाईला कुणी अडवत नाही. मी मुलांना म्हटलं, "बाळांनो, जरा सरका." ती सरकली. गाणं हळूहळू बंद पडलं. मी फडकी उचलून झटकली, घडी केली आणि खांद्यावर घेतली. मग गुडघे टेकले आणि विनाईलचा कोपरा नखाने उचलला.

चिकट थर ताजा असतो तेव्हा पट्टी कमी कोनात, सावकाश ओढली तर अखंड निघते. मला ते माहीत होतं. पण दिव्यांच्या उष्णतेने तो थर स्टेजच्या लाकडात बसला होता आणि वरचं लॅमिनेशन वेगळ्या वेगाने सुटत होतं. पहिली कड नीट निघाली. त्यानंतर फाटायला लागलं. फेर धरलेली माणसं कंबरेत तुटली. मी थांबू शकले असते. देवीपाशी आले तेव्हा चीर सरळ तिच्यातून गेली.

"नूतन! अगं वेडी झालीस का?" रेखाताई स्टेजवर आल्या होत्या. "माझ्या मुलीची मेहनत आहे ती!"

"हो," मी म्हणाले. "मेहनत आहे."

"मग? तुला देवीचं एवढं होतं तर फाडलीस कशी?"

मी तुकडे गोळा केले. खाली देविका रडत होती आणि यशश्री तिच्याकडे बघत होती. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आठवड्याने शाळेची मेल आली. भाषा मऊ होती. सगळ्यांनी गोल बसून एकमेकांचं ऐकावं, म्हणजे जखमा भरतील, असं सुचवलं होतं. त्याआधी यशश्रीने आणि मी लेखी माफी मागावी, अशी अपेक्षा होती. खाली मुद्दे दिले होते: देविकाच्या कलाकृतीचं नुकसान, शाळेच्या लाकडी स्टेजचं नुकसान, बालवाडीच्या मुलांना बसलेला धक्का, पाहुण्यांसमोर झालेला व्यत्यय. तारीख, वेळ, जागा.

गुरुवारी रात्री जेवताना चंद्रहासने ती फोनवर वाचली. "मागून टाका माफी," तो म्हणाला. "खलास. आपल्याला इथे राहायचंय. नवीन शाळा कुठे शोधणार, वर्षाच्या मध्यात?"

यशश्रीने फोन त्याच्या हातातून घेतला आणि वाचला. "बघ," ती मला म्हणाली. "आपण कशाबद्दल सॉरी म्हणायचं ते त्यांना बरोब्बर माहितीय."

"नाही मागायची," मी म्हणाले.

चंद्रहासने मान वर केली. "आणि मग?"

"मग बघू. पण नाही."

मला वाटलं होतं यशश्री खूश होईल. ती ताटातला भात बोटाने एका बाजूला सारत राहिली. "आता म्हणतेस," ती शेवटी म्हणाली. "देविकाने मला ब्लॉक केलंय." आणि ताट उचलून आत गेली.

मी शाळेला एका ओळीचं उत्तर पाठवलं. जानेवारीपासून ती अल मवालेहजवळच्या एका भारतीय शाळेत जाते. तिथे चित्रकलेच्या तासाला वारली चित्र असतं. बॉर्डर म्हणून.

विनाईलचे तुकडे अजून गाडीच्या डिकीत आहेत. आईने पिठाने लिहिलेला चौक लग्नानंतरच्या सारवणात जायचा, त्याची व्यवस्था लावावी लागत नसे. हे कुजत नाही. कचऱ्यात टाकवत नाही, आणि भिंतीवर लावण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही. अल मवालेहच्या बाजारातून भाजी आणते तेव्हा पिशव्या त्यावर ठेवत नाही, मागच्या सीटवर ठेवते. यशश्री पुढे बसते आणि खिडकीबाहेर बघते.